खंडेनवमीच्या पाटावरील मुखवटा

जुन्या घरात अशी एखादी तरी वस्तू असतेच की, जिची हकीकत लहानथोरांस तोंडपाठ असते. परंतु ती वस्तू मात्र कित्येक वर्षांत कोणी नीट न्याहाळलेली नसते. हकीकत पुरेशी वाटते म्हणून वस्तूकडे दृष्टी जात नाही, आणि दृष्टी जात नाही म्हणून हकीकत वाढत जाते. गेल्या महिन्यात आमच्या एका वर्गणीदारांनी अशाच एका वस्तूविषयी पत्राने विचारणा केली. त्यांच्या घरी एक सैनिकी गॅस-मास्क आहे. त्यावर देशाची, कारखान्याची अथवा सालाची कोणतीही खूण नाही. तो पहिल्या महायुद्धातील असल्याचे वडीलधारी मंडळी सांगत आली आहेत. तर तो नक्की कोणता, हे कळण्यास काही उपाय आहे काय, असा त्यांचा प्रश्न होता. अशा प्रश्नाचे उत्तर पत्राने देणे म्हणजे नाडी न पाहता औषध देण्यासारखेच. म्हणून आम्ही समक्षच जाण्याचे ठरवले.

घर पुण्याच्या एका जुन्या पेठेतील, चार पिढ्या एका स्वयंपाकावर नांदणारे. दिवाणखान्यात एका रुबाबदार गृहस्थांचे छायाचित्र आहे. हे घरात ‘डॉक्टर आजोबा’ या नावाने ओळखले जातात. पहिल्या महायुद्धाच्या आरंभी हिंदी सैन्याबरोबर डॉक्टर म्हणून ते फ्रान्सला गेले. तेथे शत्रूने सोडलेल्या विषारी वायूतून या मुखवट्याने त्यांचे प्राण वाचवले. म्हणून दरवर्षी खंडेनवमीस घरातील आयुधांबरोबर त्याचीही पूजा होते, असे आम्हांस सांगण्यात आले. पाटावर मांडून त्यास गंध, अक्षता आणि झेंडूचे फूल वाहावयाचे, आणि पूजा आटोपली की मुलांनी तो पाळीपाळीने तोंडावर चढवून एकमेकांस भिववावयाचे, ही त्या घरची रीत. आज साठी उलटलेल्या गृहस्थांनीही लहानपणी तेच केले होते.

ही हकीकत चालू असतानाच त्यांचा नऊ वर्षांचा नातू तो मुखवटा चढवून आमच्यापुढे येऊन उभा राहिला. सर्व मंडळी हसली. आम्हांस मात्र हसू आले नाही. “बाळ, आधी तो उतरव पाहू,” असे आम्ही जरा घाईनेच म्हटले. पाहुण्याने आल्याआल्या मुलास असे टोकावे याचे मंडळींस आश्चर्य वाटलेले दिसले. म्हणून मुखवटा कोणता हे सांगण्यापूर्वी, तो कोणताही असला तरी तोंडावर का चढवू नये, हे आम्हांस प्रथम सांगावे लागले. वाचकांसही तेच प्रथम सांगतो.

गॅस-मास्कचा जीव त्याच्या गाळणीत असतो. या गाळणीत मुख्यतः कोळसा असतो. परंतु तो आपल्या शेगडीतील नव्हे. विशिष्ट रीतीने तापवून त्याच्या अंगी असंख्य सूक्ष्म छिद्रे उत्पन्न केलेली असतात, आणि त्या छिद्रांच्या भिंतींस विषारी वायूचे कण चिकटून राहतात. पहिल्या महायुद्धात यासाठी नारळाच्या करवंटीचा कोळसा उत्तम ठरला. कारण करवंटी घट्ट, आणि तिच्या कोळशाची छिद्रे अतिसूक्ष्म. अमेरिकेत तर १९१८ साली पीच इत्यादी फळांच्या कोयी व कठीण कवचे जमा करून द्यावीत असे नागरिकांस आवाहन करण्यात आले होते. आपल्या कोकणात जी करवंटी चुलीत जाते, तिच्या कोळशावर युरोपातील खंदकांत माणसांचे श्वास अवलंबून होते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

परंतु कोळशाला एक मर्यादा आहे. तो वायू अडवतो. अतिबारीक धूर अडवीत नाही. १९१७ साली जर्मनांनी सोमलयुक्त द्रव्यांचा असा धूर वापरण्यास आरंभ केला की, त्याचे कण कोळशातून पार होऊन सैनिकास अनावर शिंका व ओकाऱ्या आणीत, आणि तो मुखवटा उपटून टाकी. मग त्या धुरासाठी गाळणीत दाट तंतूंचा आणखी एक थर घालणे भाग पडले. पुढे या थरात लोकरीबरोबर किंवा कागदाबरोबर जे तंतू मिसळण्यात आले, ते ॲस्बेस्टॉसचे होते. ब्रिटिशांच्या सैनिकी मुखवट्यांत तर निळे ॲस्बेस्टॉस वापरले गेले, जे त्या खनिजाच्या अधिक घातक प्रकारांपैकी एक होय. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नॉटिंगहॅम, ब्लॅकबर्न इत्यादी ठिकाणच्या कारखान्यांत या गाळण्या भरण्याचे काम स्त्रिया करीत. त्यांच्यापैकी अनेकींस कित्येक वर्षांनी फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग झाला. इतरांचे श्वास सुरक्षित राखावेत म्हणून ज्या राबल्या, त्यांचे स्वतःचे श्वास त्या कामानेच हिरावून घेतले. २०१४ साली ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा खात्याने शाळांस स्पष्ट सल्ला दिला की, महायुद्धकालीन मुखवटे मुलांच्या तोंडावर चढवू देऊ नयेत.

हे ऐकून त्या मुलाच्या आईचा चेहरा उतरला. तिला आम्ही जे सांगितले तेच येथे सांगतो. ॲस्बेस्टॉसचा धोका श्वासाबरोबर किती तंतू किती काळ आत गेले यावर अवलंबून असतो; वर्षातून एक-दोन मिनिटे चढवलेल्या मुखवट्याने हाहाकार करण्याचे कारण नाही. डॉक्टरांच्या कानांवर ही गोष्ट घालून ठेवावी, एवढे पुरे. परंतु जे टाळता येते ते पुन्हा करावयाचे कशासाठी? जुन्या गाळणीचा डबा गंजलेला असतो, आतील थर सुटलेला असतो, आणि श्वास घेताना ओढली जाणारी हवा नेमकी त्या थरातूनच येते. दुसरी गोष्ट गुदमरण्याची. १९९१ च्या आखाती युद्धात इस्रायलमध्ये गाळणीचे झाकण न काढताच मुखवटा चढवल्यामुळे काही माणसे दगावली. ते मुखवटे नवे होते. मग जुन्या, झडपा चिकटून बसलेल्या मुखवट्यावर विश्वास तो काय ठेवावयाचा?

इतके झाल्यावर आम्ही परीक्षणास आरंभ केला. मुखवटा घराबाहेरील गच्चीत नेला, हातमोजे घातले, गाळणीच्या डब्याची भोके चिकटपट्टीने बंद केली, आणि वरची धूळ झटकून न काढता ओल्या फडक्याने हलकेच टिपून घेतली. ते फडके पिशवीत बांधून टाकले. डबा हलवून आत काय वाजते हे पाहण्याचा मोह प्रत्येकास होतो. तो कटाक्षाने आवरावा, आणि डबा उघडण्याच्या भरीस तर मुळीच पडू नये.

प्रथम खुणांचा शोध. खूण नाही असे मालक म्हणतात, तेव्हा ती दर्शनी भागी नाही एवढाच त्याचा अर्थ असतो. हनुवटीखाली, कपाळावरील पट्ट्याच्या आतल्या बाजूस, पट्ट्यांच्या कड्यांवर, डबा जेथे मुखवट्यास जोडला जातो त्या कडेवर आणि पिशवीच्या झाकणाच्या आत, अशा पाच ठिकाणी पाहावे. ब्रिटिश सरकारच्या मालावर बाणाच्या टोकासारखी तीन रेघांची खूण असते. जर्मन मालावर बहुधा गरुडाचा लहान छाप आणि कारखान्याची सांकेतिक अक्षरे सापडतात. परंतु कापडावरील शाई घामाने जाते, डब्यावरील अक्षरे रंगाबरोबर व गंजाबरोबर जातात. या मुखवट्यावर आम्हांस काहीच आढळले नाही. डब्याचा तळ गंजाने खाल्लेला होता. पिशवीच्या आत जेथे छाप असावयाचा तेथे नुसता एक काळपट डाग होता.

खूण नसली म्हणजे ओळख पटत नाही, असे मात्र नाही. मुखवट्याचा प्रत्येक अवयव त्या त्या काळी उभ्या राहिलेल्या एखाद्या संकटाचे उत्तर असतो. कोणते संकट केव्हा आले हे ठाऊक असेल, तर अवयवांवरून काळ वाचता येतो. म्हणून थोडा इतिहास सांगणे अवश्य आहे.

२२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधील ईप्र या गावाजवळ जर्मनांनी सुमारे दीडशे टन क्लोरीन वायू वाऱ्यावर सोडला. हा वायू हवेहून सुमारे अडीचपट जड, म्हणून तो जमिनीलगत सरकत खंदकांत उतरला. त्या दिवशी दोस्त सैन्यापाशी मुखवटा म्हणून काहीच नव्हते. चारच दिवसांनी, २६ एप्रिल रोजी, आपली लाहोर डिव्हिजन त्याच आघाडीवर हल्ल्यास गेली, आणि तिलाही वायूस तोंड द्यावे लागले. त्या दिवशी वायूची बाधा झाली असतानाही सहकाऱ्यांस सावरून धरल्याबद्दल आणि जखमी अंमलदारांस वाचवल्याबद्दल जमादार मीर दस्त यांस व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्या प्रसंगी सैनिकांनी नाकातोंडाशी ओली फडकी धरली; पाणी नसेल तेथे स्वतःच्या मूत्राने फडके भिजवण्याचीही पाळी आली.

पुढील काही आठवड्यांत ब्रिटिशांनी न्यूफाउंडलंडचे डॉक्टर क्लूनी मॅक्फर्सन यांच्या कल्पनेवरून एक पिशवी काढली. छायाचित्रकार वापरतात त्या हायपोच्या द्रावणात भिजवलेली ही फ्लॅनेलची पिशवी डोक्यावरून ओढून सदऱ्यात खोचावयाची, आणि समोरच्या पारदर्शक खिडकीतून पाहावयाचे. क्लोरीनवर ती चालली. मग फॉस्जीन हा अधिक घातक वायू येणार अशी चाहूल लागली, तेव्हा निराळ्या द्रावणात भिजवलेली, दोन गोल काचांची आणि श्वास सोडण्यासाठी तोंडात नळी धरावयाची अशी पिशवी निघाली. १९१५ सालभर ब्रिटिश बाजूकडील सैनिकाचा मुखवटा म्हणजे या कापडी पिशव्याच होत. त्यांना डबा नाही, लांब नळी नाही.

डबा व नळी ही जोडी सरसकट मिळू लागली ती १९१६ साली. वायूंची संख्या वाढली, तेव्हा प्रत्येक वायूकरिता कापड निराळ्या द्रावणात भिजवणे अशक्य झाले. म्हणून कोळसा आणि चुन्याचे दाणे एका डब्यात भरून तो डबा छातीवरील पिशवीत ठेवण्यात आला, आणि रबरी नळीने मुखवट्यास जोडण्यात आला. या कामी एडवर्ड हॅरिसन नावाच्या औषधिरसायनज्ञाने फार मेहनत घेतली; युद्धविरामास एकच आठवडा उरला असता, ४ नोव्हेंबर १९१८ रोजी, न्यूमोनियाने त्यांचा अंत झाला. या मुखवट्याची एक खूण फार महत्त्वाची आहे. त्याचा चेहरा रबर चढवलेल्या कापडाचा असे, आणि तो गालांवर पूर्णपणे घट्ट बसेल असा त्या वेळी कोणाचाच भरवसा नव्हता. म्हणून आत नाक दाबून धरणारा चिमटा, आणि दातांत धरावयाची रबरी तोटी, असे दोन अवयव असत. सैनिक नाक बंद करून केवळ तोंडाने, त्या तोटीतून श्वास घेई. चेहऱ्याचे कापड फाटले तरी श्वास सुरक्षित राहावा, हा त्यातील हेतू.

इतर राष्ट्रांनी निराळे मार्ग धरले. जर्मनांनी आरंभापासून गाळणीचा लहान डबा थेट तोंडासमोर आटे पाडून बसवला. नळी नाही, पिशवी नाही. नाकेबंदीमुळे रबर मिळेनासे झाले, तेव्हा १९१७ साली त्यांनी चेहरा कातड्याचा केला. म्हणून कातडी चेहऱ्याचा, समोर डबा असलेला मुखवटा दिसला की ते रबराच्या दुष्काळाचे चिन्ह समजावे. दुसऱ्या महायुद्धातील जर्मन मुखवटा प्रथम कापडी व पुढे १९३८ पासून रबरी झाला. तो पन्हाळीदार अंगाच्या उभ्या, गोल पत्र्याच्या डब्यात ठेवीत. फ्रेंचांचा १९१६ चा मुखवटा निव्वळ कापडाच्या थरांचा होता. त्यास डबाच नाही. रशियनांनी रसायनशास्त्रज्ञ झेलिन्स्की यांचा कोळशाचा डबा आणि सर्व डोके झाकणारी रबरी टोपी यांची जोड घातली. आणि हे डोके झाकणारे रबर त्यांनी पुढे सोडले नाही. आज जुन्या बाजारात जो राखी रबराचा, पट्टे नसलेला, कानांसकट डोके झाकणारा मुखवटा ‘महायुद्धातील’ म्हणून विकला जातो, तो पुष्कळदा शीतयुद्धाच्या काळातील सोव्हिएत नागरिकांचा असतो. त्याचप्रमाणे, डोळ्यांपुढे दोन काचांऐवजी सेल्युलॉइडची एकच रुंद खिडकी असलेला काळा ब्रिटिश मुखवटा सैनिकाचा नव्हे, तो नागरिकाचा. असे सुमारे ३ कोटी ८० लाख मुखवटे १९३८ च्या सप्टेंबरपर्यंत ब्रिटनमध्ये वाटण्यात आले होते.

गाळणी आट्यांची असेल तर आट्यांचा व्यास मोजावा. सुमारे ४० मिलिमीटर असेल तर जर्मन, सोव्हिएत किंवा युद्धोत्तर युरोपीय घराण्याकडे लक्ष द्यावे. सुमारे ६० मिलिमीटर असून डबा डाव्या गालावर असेल, तर दुसऱ्या महायुद्धाच्या उत्तरार्धातील ब्रिटिशांचा हलका मुखवटा प्रथम ध्यानात घ्यावा. परंतु केवळ एका मापावरून निर्णय करू नये. डबा वेळोवेळी बदलण्याची वस्तू असते, पिशवीही दुसऱ्याची लागते. चेहरा, नळी, डबा आणि पिशवी या चौघांची साक्ष वेगवेगळी घ्यावी, आणि ती जुळते काय हे पाहावे.

आता आमच्यापुढील मुखवट्याकडे वळू. खांद्यास अडकवावयाची कॅनव्हासची पिशवी. तीत पत्र्याचा डबा. डब्यापासून निघणारी वळ्यावळ्यांची रबरी नळी. दोन गोल काचा. आणि बाहेरून मोज्यासारख्या विणीचे खाकी कापड असलेला चेहरा. नळी, डबा व पिशवी पाहून प्रथमदर्शनी कोणीही १९१६ च्या ब्रिटिश मुखवट्याचे नाव घेईल. घरच्या हकीकतीसही ते सोयीचे. परंतु हा निर्णय बाहेरून होण्यासारखा नाही. तो आत पाहिल्यावाचून होत नाही.

आम्ही मुखवटा उलटा धरला, आणि विजेच्या बत्तीचा उजेड आत टाकला. आत नाकाचा चिमटा नव्हता. तोंडात धरावयाची तोटी नव्हती. ती पूर्वी असून तुटली असावी म्हणावे, तर तिची जागाही नव्हती. नळी जेथे आत उघडते तेथे नुसते साधे तोंड होते. चेहरा कापडावर रबर चढवलेला नव्हता. तो साच्यात घडवलेल्या जाड रबराचा होता, आणि खाकी कापड केवळ वरून चिकटवलेले होते. साच्याचे रबर गालांवर घट्ट बसते. ते घट्ट बसले की चिमट्याची गरज उरत नाही. सैनिक नाकाने श्वास घेऊ शकतो. ही सुधारणा पहिल्या महायुद्धानंतरची. सारांश, तो १९१६ चा मुखवटा नसून, १९२० ते १९३० या दशकात ब्रिटिश सैन्याने स्वीकारलेला आणि दुसऱ्या महायुद्धात सर्रास वापरला गेलेला त्याचा वारस होय. चौघांची साक्ष जुळली. छापाची उणीव कोठेही भासली नाही.

निर्णय सांगताना आम्हांस संकोच वाटत होता. घरातील श्रद्धेस धक्का देणे हे सुखाचे काम नव्हे. म्हणून आम्ही आधी डॉक्टर आजोबांविषयी कागदपत्र काही आहे काय, असे विचारले. एका जुन्या वहीत त्यांच्या प्रवासाची टाचणे निघाली. १९१४ च्या हिवाळ्यात ते फ्रान्समध्ये होते. १९१५ च्या अखेरीस त्यांच्या डिव्हिजनबरोबर मार्सेल्सहून जहाजाने बसऱ्याकडे निघाले. आजारी होऊन १९१७ साली परतले. आणि १९२१ साली वारले. हिंदी पायदळ फ्रान्समधून हलले ते १९१५ च्या अखेरीसच, हे इतिहासातही नमूद आहे. तेव्हा डॉक्टर आजोबांनी फ्रान्समध्ये काही बांधले असेल, तर ती भिजवलेली फ्लॅनेलची पिशवी. डबा व नळी तेथे सर्वत्र पोचण्यापूर्वीच ते निघून गेले होते. आणि हा मुखवटा तर त्यांच्या मृत्यूनंतरचा. त्यांच्या धैर्यात यामुळे काडीचेही न्यून येत नाही. उलट, ते अधिकच उघड्या तोंडाने त्या संकटास सामोरे गेले होते, असे म्हणावे लागेल. परंतु मुखवटा त्यांचा नव्हे.

काही वेळ कोणीच बोलले नाही. इतका वेळ कोपऱ्यातील खुर्चीवर बसून सर्व ऐकत असलेल्या, नव्वदीस आलेल्या आजी मग हळूच म्हणाल्या, “मग तो आमच्या धाकट्या मामंजींचा असेल हो.”

हे धाकटे मामंजी म्हणजे त्यांच्या सासऱ्यांचे धाकटे बंधू. दुसऱ्या महायुद्धात ते सैन्यात हिशेबनीस म्हणून गेले होते. १९४६ साली परत आले. लग्न केले नाही. पुढे साध्या कारकुनीत आयुष्य काढले. माडीवरील एका खोलीत राहावयाचे, वेळेवर पानावर यावयाचे, आणि युद्धाविषयी कोणी विचारले तर विषय बदलावयाचा. “मी नवी नवरी होऊन या घरात आले,” आजी सांगू लागल्या, “तेव्हा त्यांची ट्रंक उन्हात घातली होती. तीत ही खाकी पिशवी होती. मी विचारले, हे काय? तर म्हणाले, काही नाही, सरकारी रद्दी आहे.” त्यांच्या मागे ती ट्रंक रिकामी झाली, वस्तू घरच्या कपाटात गेल्या. युद्धाची वस्तू, आणि दिवाणखान्यात युद्धावर गेलेल्या एकाच पुरुषाचे छायाचित्र! तेव्हा ती वस्तू त्या छायाचित्राच्या पदरी जाऊन पडली, यात कोणाचाच दोष नाही. धाकट्यांचे छायाचित्र भिंतीवर कधी लागलेच नव्हते. गृहस्थांसही ते आठवत होते. परंतु त्यांच्या आठवणीत ते आजोबा म्हणजे केवळ संध्याकाळी रेडिओपाशी बसणारे एक अबोल वृद्ध होते.

येथे आम्हांस एक मर्यादा सांगणे भाग आहे, आणि ती आम्ही त्या घरीही सांगितली. मुखवटा आपला काळ सांगतो, आपले राष्ट्र सांगतो, सैनिकी की नागरी हेही सांगतो. तो कोणी बांधला हे मात्र सांगत नाही. आजींची आठवण विश्वसनीय आहे आणि ती काळाशी जुळते; परंतु एक हकीकत काढून तिच्या जागी दुसरी तितक्याच घाईने बसवली, तर आमच्या परीक्षणाचा उपयोग तो काय? सैनिकी नोकरीचे दाखले, मुक्ततेचा कागद, निवृत्तीसंबंधीचा एखादा पत्रव्यवहार घरात असल्यास तो शोधावा. ज्या पलटणीत अथवा खात्यात नोकरी झाली तेथील अभिलेख-कार्यालयास लिहावे. आणि आजींनी जे पाहिले ते त्यांच्या शब्दांत, तारीख घालून, आजच लिहून ठेवावे. पहिल्या दोन गोष्टींस थोडा उशीर झाला तरी चालेल. तिसरीस उशीर करून चालणार नाही.

युरोपच्या रणांगणावर दुसऱ्या महायुद्धात विषारी वायू सोडला गेला नाही. लक्षावधी सैनिकांनी हे ओझे वर्षानुवर्षे खांद्यावर वागवले, आणि पुष्कळांवर ते चढवण्याची वेळच आली नाही. ज्या संकटासाठी वस्तू घडवली ते आले नाही, म्हणून ती ‘सरकारी रद्दी’ वाटली असेल. ज्याने ती वागवली त्याचे आयुष्यही घराने नकळत तसेच मानले. आमच्या मते या परीक्षणातील खरा लाभ मुखवट्याचे नाव कळले हा नव्हे. घरातील एका माणसाकडे पन्नास वर्षांनी का होईना, लक्ष गेले, हा होय.

ज्यांच्या घरी अशी वस्तू असेल त्यांच्यासाठी चार गोष्टी सांगून हे टिपण संपवतो. ती तोंडावर चढवू नये, मुलांस खेळण्यास देऊ नये. डबा उघडू नये, ठोकू नये, हलवू नये. झाडूने अगर धूळ ओढणाऱ्या घरगुती यंत्राने ती साफ करू नये, कारण त्याने तंतू घरभर पसरतात. सर्व भाग जाड प्लास्टिकच्या दुहेरी पिशवीत बंद करून वर ‘ॲस्बेस्टॉसचा संभव’ अशी चिठ्ठी लावावी. गाळणीत ॲस्बेस्टॉस आहेच की नाही हे केवळ पाहून सांगता येत नाही. ते तपासणे असल्यास ॲस्बेस्टॉसची परीक्षा करणाऱ्या प्रयोगशाळेकडेच जावे, आणि तोवर ते आहे असे धरूनच वागावे. फेकून देण्याचा विचार असेल तर ती केराच्या टोपलीत किंवा भंगारवाल्याकडे देऊ नये. घातक कचरा स्वीकारणाऱ्या यंत्रणेकडे चौकशी करावी. आणि पिशवी बंद करण्यापूर्वी सर्व बाजूंनी, आतूनही, छायाचित्रे घ्यावीत. पुढील परीक्षकास ती पुरेशी होतात.

त्या घरच्या मंडळींनी मुखवटा काचेच्या बंद पेटीत ठेवण्याचे ठरवले आहे. खंडेनवमीस तो पाटावर पूर्वीप्रमाणेच मांडला जाईल, गंध व फूल पेटीवर वाहिले जाईल. नातवाने निघतेवेळी आम्हांस विचारले, “मग आता आम्ही काय घालायचे?” आम्हांस उत्तर सुचले नाही. आजींस मात्र सुचले. त्या म्हणाल्या, “काही घालू नकोस. माझ्यापाशी बैस, मी तुला धाकट्या आजोबांची गोष्ट सांगते.”